देवगडचं पोस्टग्रेस बसलं: एकाच टेबलाचं रेप्लिकेशन आणि वॉल ६१ जीबी?

साकव | २८ मे, दुपारी १:१०

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहिल्यात.

आमची बागायतदारांची छोटी संस्था आहे. मुख्य ऑफिस रत्नागिरीत, खरेदीची केंद्रं चार: पावस, राजापूर, देवगड, गुहागर. केंद्रावर माल येतो, काट्यावर चढतो, प्रत ठरते, पावती फाटते. आता पेटीचा आंबा जवळजवळ संपला, कॅनिंगचा किलोवरचा माल धो धो येतोय. पाऊस लागायच्या आत उतरवायचा म्हणून जो तो टेम्पो घेऊन दारात. नेमकं आज सकाळी साडेआठला देवगडचं मशीन बसलं. सध्या वहीवर चाललंय. कार्बन पेपर शोधण्यातच अर्धा तास गेला.

मांडणी अशी. प्रत्येक केंद्राचा डेटाबेस स्वतंत्र, कारण लाइन गेली तरी पावती थांबायला नको. चारही ठिकाणी पोस्टग्रेस १५ (डेटाबेस चालवणारा प्रोग्राम). मार्चमध्ये मी लॉजिकल रेप्लिकेशन बसवलं, म्हणजे केंद्राच्या टेबलातला प्रत्येक बदल आपोआप ऑफिसच्या प्रतीत जातो. केंद्रावर वॉल_लेव्हल (वॉल म्हणजे प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद) 'लॉजिकल' केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली (नुसत्या रीलोडने हे बदलत नाही), मग

क्रिएट पब्लिकेशन आवक_पब फॉर टेबल आवक;

आणि रत्नागिरीत तशाच रचनेचं रिकामं टेबल बनवून

क्रिएट सबस्क्रिप्शन देवगड_सब कनेक्शन 'होस्ट=१०.८.०.१३ पोर्ट=५४३२ डीबीनेम=केंद्र युजर=रेप्ली' पब्लिकेशन आवक_पब;

आधी जुन्या सगळ्या ओळी कॉपी होऊन आल्या, पुढे प्रत्येक पावती फाटली की दोन-तीन सेकंदांत रत्नागिरीत दिसायची. अध्यक्ष खूश, मी खूश. दोन महिने सुरळीत.

२५ तारखेला हायवेच्या कामात जेसीबीने फायबर तोडली. तेव्हापासून देवगडची लाइन बंद. आणि आज हे. लॉगमध्ये पॅनिक, डिस्कवर जागा शिल्लक नाही. १२० जीबीच्या डिस्कवर पीजी_वॉल हा एकच फोल्डर ६१ जीबीचा. टेबलात जेमतेम ९,००० ओळी आहेत हो! सर्व्हिस चालूच होत नाही. काय करू?

फणसगरा | २८ मे, दुपारी १:१८

फोल्डरमधल्या जुन्या फाइली उडव, सोप्पं. तारीख लाव, मार्च-एप्रिल सिलेक्ट, डिलीट.

वेंगुर्ल्याचो_झील | २८ मे, दुपारी १:२१

अरे बाबा, त्या फायलींका हात लावू नको!! साकवा, ह्येचा ऐकू नको. माझो एकदा असोच घोळ झालो. लॉग म्हणान उडवलंय आणि डेटाबेस उठाकच तयार नाय. दोन रात्री जाग्यावर बसलंय.

घाटावरचा | २८ मे, दुपारी १:४०

झील बरोबर बोलतोय. तो फोल्डर म्हणजे नेहमीचा लॉग नव्हे. अजून डेटाच्या फाइलींत न उतरलेले बदल तिथे असतात, मशीन पडल्यावर पोस्टग्रेस त्यावरूनच उभं राहतं. पूर्वी त्या फोल्डरचं नाव पीजी_एक्सलॉग होतं, आणि 'लॉग' शब्द बघून लोक इतक्या वेळा उडवायचे की १० व्या आवृत्तीत नाव बदलून पीजी_वॉल केलं. नाव बदललं तरी फणसगरा आहेतच.

साकव, त्याच डिस्कवर दुसरं काहीतरी काढा. डाउनलोड, जुने बॅकअप, काहीही. एक-दोन जीबी मोकळे झाले की सर्व्हिस उठेल. उठली की लगेच हे चालवून इथे टाका:

सिलेक्ट स्लॉट_नेम, ॲक्टिव्ह, वॉल_स्टेटस, पीजी_वॉल_एलएसएन_डिफ(पीजी_करंट_वॉल_एलएसएन(), रीस्टार्ट_एलएसएन) फ्रॉम पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स;

फणसगरा | २८ मे, दुपारी १:४४

बरं बाबा, चुकलो. पण ९,००० ओळींसाठी एवढा घाट कशाला? रात्री एक्सेल काढायची, व्हॉट्सॲपवर टाकायची. आमच्या वखारीत १० वर्षं तेच चालू आहे.

आगोट | २८ मे, दुपारी २:०५

फणसगरा, हिशोबाला मी बसते म्हणून सांगते. रात्रीच्या एक्सेलमध्ये नवीन पावत्या येतात, पण चार दिवसांपूर्वीची पावती कुणी दुरुस्त केली किंवा रद्द केली तर ती कुठे येते? आमच्याकडे (दापोली बाजूला, काजू) एका हंगामात केंद्राची बेरीज आणि ऑफिसची बेरीज एकदाही जुळली नाही. प्रत्येक फरकामागे कुणीतरी नंतर केलेली दुरुस्ती. लॉजिकल रेप्लिकेशनमध्ये अपडेट आणि डिलीटही जातात, माझ्यासाठी तेवढंच पुरेसं आहे.

साकव, मशीन उठलं का?

साकव | २८ मे, दुपारी ३:३२

उठलं! त्याच डिस्कवर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठत होतं, त्यातलं ४ जीबी काढलं. सर्व्हिस चालू झाली, पावत्याही चालू. घाटावरचा दादा, हे घ्या:

देवगड_सब, ॲक्टिव्ह: नाही, सुमारे २.६ जीबी
चाचणी_सब, ॲक्टिव्ह: नाही, सुमारे ६१ जीबी

वॉल_स्टेटस दोन्हीकडे 'एक्स्टेंडेड'. दुसरं नाव ओळखीचं वाटतंय, पण...

घाटावरचा | २८ मे, दुपारी ३:४१

हा चाचणी_सब कुणाचा?

साकव | २८ मे, दुपारी ४:०२

माझाच.

१९ मार्चला, खरं बसवायच्या आधी, घरच्या लॅपटॉपवरून एक सबस्क्रिप्शन करून पाहिलं होतं. चाललं. मग एप्रिलमध्ये लॅपटॉप फॉरमॅट केला. सबस्क्रिप्शन ड्रॉप करायचं लक्षातही आलं नाही, लॅपटॉपवरचं सगळंच पुसलं गेलं ना, मग राहिलंय काय, असं वाटलं. सकाळपासून मी त्या जेसीबीवाल्याला शिव्या घालतोय.

घाटावरचा | २८ मे, दुपारी ४:३०

जेसीबीवाल्याच्या वाट्याला २.६ जीबी. बाकी तुमचे. हिशोब बघा, ३ दिवसांचे २.६ जीबी म्हणजे दिवसाला साधारण ०.८७. आणि १९ मार्च ते २८ मे ७० दिवस. गुणाकार करून बघा, ६१ च येतात.

आता नीट सांगतो, कारण नवीन माणूस हमखास इथेच फसतो. सबस्क्रिप्शन बनवलं की पब्लिशरकडे, म्हणजे तुमच्या देवगडला, एक स्लॉट तयार होतो. पलीकडच्याने कुठपर्यंत घेतलं याची ती खूण. पलीकडचा जोवर पुढचं घेत नाही तोवर खूण हलत नाही, आणि खुणेपुढचं वॉल पोस्टग्रेस टाकत नाही. तुमचा लॅपटॉप मेला हे देवगडला कळायला मार्गच नाही. लाइन गेलेलं मशीन आणि फॉरमॅट झालेलं मशीन, दोन्ही त्याला सारखीच: 'ॲक्टिव्ह नाही'. ते इमानदारीने वाट बघत बसतं. पाहुणा येणार म्हणून ७० दिवस ताट झाकून ठेवल्यासारखं.

आता करायचं एवढंच:

सिलेक्ट पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट('चाचणी_सब');
चेकपॉइंट;

जागा मोकळी होताना डोळ्यांनी दिसेल. देवगड_सबला हात लावू नका, लाइन आली की तो राहिलेलं आपोआप ओढून घेईल.

साकव | २८ मे, दुपारी ४:५१

केलं. पीजी_वॉल साडेतीन जीबीवर आलं. १६ एमबीच्या जवळपास ३,७०० फाइली एका मिनिटात गेल्या. दादा, देवगडला आलात तर आंबा माझ्याकडून.

एक शंका मात्र राहते. मी पब्लिश केलं ते एक टेबल. दिवसाला फार तर २०० पावत्या. त्याचे दिवसाला ०.८७ जीबी कसे होतात?

घाटावरचा | २८ मे, रात्री ९:१५

त्या मशीनवर दुसरा डेटाबेस आहे का?

साकव | २८ मे, रात्री ९:२०

आहे. पिकवणीच्या खोलीतल्या ८ सेन्सरांचा. तापमान आणि आर्द्रता, दर सेकंदाला. रात्री १५ दिवसांपूर्वीचं मिटवतो. पण त्याचा रेप्लिकेशनशी काही संबंध नाही, डेटाबेसच वेगळा आहे.

घाटावरचा | २८ मे, रात्री ९:४४

संबंध तिथेच आहे. वॉल टेबलाचं नसतं, डेटाबेसचंही नसतं. अख्ख्या पोस्टग्रेस क्लस्टरचं (एका सर्व्हिसखालच्या सगळ्या डेटाबेसांचं) ते एकच असतं. सगळे बदल एकाच ओढ्यातून एकामागून एक वाहतात. पब्लिकेशन ठरवतं पलीकडे काय पाठवायचं. अडवून काय ठेवायचं हे ते ठरवत नाही. तुमच्या स्लॉटने आवक टेबलासाठी ओढा अडवला, तर सेन्सरांचं पाणीही त्यामागेच तुंबणार. ८ सेन्सर, दिवसाला ८६,४०० सेकंद, म्हणजे ६,९१,२०० ओळी. त्यावर इंडेक्स, रात्रीची डिलीट, प्रत्येक चेकपॉइंटनंतर (साठलेले बदल डेटाच्या फाइलींत उतरवले की) पान पहिल्यांदा बदललं की पूर्ण पानाची प्रत. ०.८७ मला कमीच वाटतात.

सेन्सरांसाठी त्याच मशीनवर वेगळ्या पोर्टवर दुसरा क्लस्टर चालवा. वॉल वेगळं होईल, निम्मा प्रश्न संपला.

वाशिष्ठीकाठ | २९ मे, सकाळी ७:५०

धागा आत्ता वाचला. थोडं अवांतर, पण राहवत नाही. रेप्लिकेशन आहे म्हणून बॅकअप बंद करू नका कुणी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला आमच्या दुकानाचं मशीन तळमजल्यावर होतं, ते गेलं. वरच्या मजल्यावरच्या मशीनवर रेप्लिका होती, तिने वाचवलं, हे खरं. पण त्याच रेप्लिकेने पुढच्या वर्षी दगाही दिला. भाच्याने 'व्हेअर' न लावता डिलीट मारली आणि ती वरच्या मजल्यावरही तितक्याच तत्परतेने पोचली. पूर वर चढला नाही, डिलीट चढली.

फणसगरा | २९ मे, सकाळी ८:०२

"पूर वर चढला नाही, डिलीट चढली." हे फ्रेम करून लावा.

नवखी_गुहागर | २९ मे, सकाळी ११:२०

साकव दादा, आम्हालाही असंच करायचंय. दोन होमस्टे आहेत, एक गुहागरला, एक वेळणेश्वरला, बुकिंग दोन्हीकडे होतं. तुम्हाला बसवताना काय काय अडचणी आल्या ते सविस्तर सांगाल का? मी कालपासून पीजी_एचबीएमध्ये (कुणी कुठून जोडायचं ते ठरवणारी फाइल) 'रेप्लिकेशन' असं लिहून परवानगी देतेय तरी जोडत नाही.

साकव | २९ मे, दुपारी २:१५

ताई, त्या 'रेप्लिकेशन' शब्दावर माझाही एक दिवस गेला. तो शब्द फिजिकल रेप्लिकेशनपुरता (अख्ख्या क्लस्टरची जशीच्या तशी प्रत). लॉजिकल जोडणी साध्या डेटाबेसला जोडल्यासारखी असते, त्यामुळे पीजी_एचबीएमध्ये डेटाबेसचं नाव लिहायचं. युजरला मात्र रेप्लिकेशनचा अधिकार लागतो, शिवाय त्या टेबलावर सिलेक्ट, नाहीतर पहिली कॉपी होत नाही.

दुसरं, जोडणीची दिशा. मी समजत होतो देवगड रत्नागिरीला ढकलणार. उलटं आहे. सबस्क्राइबर पब्लिशरकडे जातो, म्हणजे रत्नागिरीने देवगडच्या दारावर टकटक करायची. आणि आमच्या केंद्रांवर फायबर किंवा डोंगल, कुणालाच स्वतःचा पब्लिक पत्ता नाही. बाहेरून आत यायला वाटच नाही. शेवटी भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर वायरगार्ड (खाजगी जाळं, व्हीपीएन) टाकलं, सगळी केंद्रं आतून त्याला जोडतात, जोडणी जागी ठेवायला कीपअलाइव्ह २५ सेकंद. तो १०.८ चा पत्ता त्यातलाच. यात फायदा हाही झाला की ५४३२ पोर्ट जगासाठी उघडावा लागला नाही.

तिसरं सगळ्यात मनस्तापाचं. आवक टेबलाची प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) म्हणजे पावती क्रमांक, प्रत्येक केंद्रावर १ पासून. पावसचं सबस्क्रिप्शन केलं, ओळी आल्या. राजापूरचं केलं, तर पावती क्र. १ रत्नागिरीत आधीच हजर. डुप्लिकेट की. कॉपी रद्द, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न, पुन्हा रद्द, असं रात्रभर. मी सकाळी लॉग उघडला तर तीच ओळ पानंच्या पानं. मग प्रायमरी की बदलून (केंद्र, पावती क्रमांक) अशी जोडकी केली. तुमची दोन घरं आहेत, तर बुकिंगच्या टेबलात घराचा कोड आजच घाला.

घाटावरचा | २९ मे, दुपारी २:४०

त्यात भर. ताई, पब्लिश करायच्या टेबलाला प्रायमरी की हवीच. नसेल तर इन्सर्ट जातील, पण अपडेट किंवा डिलीट केलीत की एरर येईल, आणि तो पलीकडे नाही, तुमच्या मूळ काउंटरवर येईल. गिऱ्हाईक समोर उभं आणि बुकिंग बदलता येत नाही. रेप्लिका आयडेंटिटी 'फुल' करून (ओळ सगळ्या कॉलमांवरून ओळखायची) सुटका होते, पण मोठ्या टेबलाला ते जड जातं. की घालणंच बरं.

टेबलाची रचना बदलली तर ते जात नाही. कॉलम वाढवायचा तर आधी सबस्क्राइबरकडे, मग पब्लिशरकडे. उलट केलंत तर पलीकडे कॉलम सापडत नाही म्हणून गाडी थांबते, आणि थांबली की काय होतं ते साकवांना विचारा. सीक्वेन्सची (पुढचा क्रमांक देणारा मोजक) किंमतही १५ मध्ये जात नाही. उद्या रत्नागिरीच्या प्रतीवरच पावती फाडायची वेळ आली तर आधी सीक्वेन्स पुढे सरकवावी लागेल.

आगोट | २९ मे, संध्याकाळी ६:३०

डुप्लिकेटवर एक विचारते. आमचा माणूस म्हणतो अडकलं की 'स्किप' करायचं, पुढे जातं. खरं का?

घाटावरचा | २९ मे, संध्याकाळी ७:१०

१५ पासून 'ऑल्टर सबस्क्रिप्शन … स्किप' आहे खरं. पण ते एक ओळ सोडत नाही, अख्खं ट्रान्झॅक्शन सोडतं. एका पावतीत १२ नगांच्या ओळी एकत्र कमिट झाल्या असतील आणि एक अडली, तर बाराही गेल्या. तुम्ही हिशोबाला बसता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आधी अडलेली ओळ बघा, सबस्क्राइबरकडची चुकीची ओळ हटवा. स्किप शेवटी. आणि सबस्क्रिप्शनला 'डिसेबल_ऑन_एरर' लावून ठेवा, म्हणजे त्याच दगडावर डोकं आपटत रात्र काढणार नाही. अर्थात डिसेबल झालेलं सबस्क्रिप्शन कुणी बघितलं नाही तर स्लॉट पुन्हा फुगणार, तेही आहेच.

साकव | ३० मे, सकाळी १०:०५

देवगडची फायबर काल रात्री जोडली. रत्नागिरीने राहिलेल्या सगळ्या पावत्या चार-पाच मिनिटांत ओढल्या, वहीतल्या ४३ पावत्या टाकल्या त्याही आल्या. बेरीज जुळली.

आता पुढचं. मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ मूळचं उणे १ आहे, म्हणजे मर्यादाच नाही. १३ व्या आवृत्तीपासून मर्यादा घालता येते. मी २० जीबी करावं म्हणतोय. पण ती ओलांडली तर स्लॉट बाद होतो, वॉल_स्टेटस 'लॉस्ट', आणि सगळी कॉपी पुन्हा करावी लागते. अध्यक्ष म्हणतात डेटा बाद होईल असं काही करू नका.

घाटावरचा | ३० मे, सकाळी १०:५०

अध्यक्षांना सांगा, बाद होते ती खूण, डेटा नव्हे. पावत्या देवगडला जशाच्या तशा असतात. प्रश्न इतकाच, की टोकाची वेळ आली तर कुणाला थांबवायचं, काट्याला की ऑफिसच्या स्क्रीनला? मर्यादा नाही म्हणजे तुम्ही काटा थांबवायचं ठरवलंत. परवा तेच झालं. दारात टेम्पो उभे असताना वजन थांबलं, कारण फॉरमॅट झालेल्या एका लॅपटॉपला सगळं मिळालंच पाहिजे असा पोस्टग्रेसचा हट्ट. हट्ट त्याचा नाही म्हणा, आपण दिलेला.

वेंगुर्ल्याचो_झील | ३० मे, सकाळी ११:१५

आमच्याकडे लाइट गेली की कधी येतली ता देवाक म्हायत. निसर्ग वादळात (३ जून २०२०) दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस काळोख होतो, माझो मेव्हणो थय असता. तेव्हा २० जीबी चार दिवसात भरतले की चाळीस, ह्यो हिशोब आधी करून ठेव.

साकव | ३० मे, दुपारी १२:३०

झीलभाऊ, केला. सेन्सरांचा क्लस्टर काल रात्रीच वेगळा केला. आता केंद्राचं वॉल दिवसाला ४० एमबीच्या आसपास आहे. २० जीबीला वर्ष उलटेल. एवढ्यात फायबर नक्की जोडली जाईल, जेसीबीवाल्यावर माझा तेवढा विश्वास आहे.

स्लॉट बादच झाला तर काय करायचं तेही कागदावर लिहून भिंतीला लावलंय. रत्नागिरीत टेबल ट्रंकेट करायचं नाही, त्यात बाकी तीन केंद्रांच्या ओळी आहेत. देवगड_सब ड्रॉप, मग डिलीट फ्रॉम आवक व्हेअर केंद्र = 'देव' (व्हेअर लाल पेनाने, वाशिष्ठीकाठ यांच्या भाच्याच्या स्मरणार्थ), मग सबस्क्रिप्शन नव्याने, की कॉपी पहिल्यापासून.

वाशिष्ठीकाठ | ३० मे, दुपारी १२:४१

भाचा जिवंत आहे हो. पुण्याला नोकरी करतो. डेटाबेसमध्येच.

नवखी_गुहागर | ३० मे, रात्री ९:३०

जोडलं! डेटाबेसचं नाव लिहिल्याबरोबर जोडलं. एक चूक केली होती, त्याच मशीनवर त्याच पोस्टग्रेसमधल्या दुसऱ्या डेटाबेसला सबस्क्रिप्शन करून बघत होते, तर ते नुसतं लटकून राहायचं.

घाटावरचा | ३० मे, रात्री ९:५८

एकाच क्लस्टरमध्ये असं लटकतंच. तिथे आधी स्लॉट हाताने बनवून 'क्रिएट_स्लॉट = फॉल्स' द्यावं लागतं. चाचणी संपल्यावर सबस्क्रिप्शन ड्रॉप करा, ते पब्लिशरकडचा स्लॉटही घेऊन जातं. पब्लिशर हाताशी नसेल तर सबस्क्रिप्शन डिसेबल करून 'स्लॉट_नेम = नन' करून ड्रॉप करा, पण मग पलीकडचा स्लॉट हाताने काढायचा हे डायरीत लिहा. १८ व्या आवृत्तीत पडून राहिलेले स्लॉट ठरावीक वेळेनंतर बाद करायची सोय आली आहे. ती लावताना लांबलेला काळोखही त्या वेळेत बसतो का ते बघा, नाहीतर खरा स्लॉटही जाईल.

वेंगुर्ल्याचो_झील | ३१ मे, सकाळी ८:४०

साकवा, देवगडचो चाचणी_सब काढलंस ता बरा केलंस. पण मार्चात तू चाचणी खाली देवगडलाच केललंस? पावस, राजापूर, गुहागर बघितलंस काय?

साकव | ३१ मे, सकाळी ९:१०

राजापूरवर एक आहे. २२ मार्चचा. डिस्क ८४ टक्के.